तांड्यावर आणि पोडावर एचआयव्हीचं काम करताना या चुका टाळा

बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडच्या तांड्यावर, म्हणजे बंजारा वस्तीवर, डिसेंबरात एचआयव्ही तपासणी शिबिर घेतलं की म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं भेटतात. ज्यांच्यासाठी गाडी आली ती जोडपी तेव्हा कुठल्या तरी कारखान्याच्या फडात ऊस तोडत असतात आणि कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहत असतात. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलात परततात. तरी वर्षअखेरीचं उद्दिष्ट गाठायचं म्हणून शिबिरं नेमकी जानेवारी-फेब्रुवारीत लावली जातात. आकडा भरतो, पण काम होत नाही.

ऊसतोड तांड्यांसाठी दोन फेऱ्या धरा. पहिली टोळी परतल्यावर, मे महिन्यात. दुसरी तिच्यानंतर तीन महिन्यांनी, ऑगस्टात. ताजी लागण झालेली असेल तर सुरुवातीच्या काळात ती चाचणीत दिसत नाही, आणि हा काळ तीन महिन्यांपर्यंत जाऊ शकतो. एकाच फेरीवर थांबलात तर फडाच्या शेवटच्या आठवड्यांतली लागण हातून निसटते. हेच वेळापत्रक नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या डोंगरात जसंच्या तसं नेऊ नका. तिथल्या कोलाम पोडांच्या (पाड्यांच्या), आंध आणि गोंड वस्त्यांच्या वाटा ऑगस्टात नाल्याच्या पाण्यानं अडतात. आधी त्या-त्या वस्तीचं वर्ष कागदावर मांडा: कोण कधी बाहेर जातं, कधी परततं, लग्नं कधी, रस्ता कधी बंद.

दुसरी चूक शब्दांची. ‘असुरक्षित लैंगिक संबंध’ हे शब्द माहितीपत्रकात शोभतात, पण तांड्यावरच्या बाईला ते पोचत नाहीत. बाजारात मराठी बोलणारा पुरुषही घरात गोरमाटीच (बंजाऱ्यांची बोली) बोलतो. कोलामी तर मराठीच्या कुळातलीसुद्धा नाही, ती द्राविडी भाषा आहे. कार्यालयात बसून भाषांतर करून घेऊ नका. सहा ते आठ बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, असे बसवा. संबंध, निरोध, अंगावरून जाणं यांना ते आपसात काय म्हणतात ते विचारा. त्यातले कोणते शब्द चारचौघांत चालतात आणि कोणते फक्त बायकांत, तेही विचारा. मग दोन मिनिटांचा आवाजी संदेश तयार करा आणि दुसऱ्या तांड्यावरच्या माणसाला ऐकवा. त्याला काय कळलं ते त्याच्याच तोंडून सांगू द्या. तिथे अर्थ सटकला तर संदेश पुन्हा करा.

चित्र निवडताना जास्त जपा. पोस्टरवर फेटिया-कांचळी (बंजारा घागरा-चोळी) घातलेली बाई काढली की एचआयव्ही हा बंजाऱ्यांचा आजार ठरतो. जोखीम जातीत नाही. सहा महिने घरापासून लांब राहणं, जवळ दवाखाना नसणं आणि माहिती न पोचणं, यातून ती येते. म्हणून वस्तीनिहाय आकडे कधीही जाहीर करू नका. चाळीस घरांच्या पोडात ‘एक सापडला’ म्हटलं की तो कोण, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

सगळ्यात जास्त नुकसान संमतीच्या गोंधळानं होतं. नायक-कारभाऱ्यांना, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांना, भेटल्याशिवाय तांड्यावर बसू नये, हे खरं. पण नायकाची परवानगी ही शिबिराला असते. रक्त ज्याचं, संमती त्याचीच. मुकादमाला (टोळीच्या ठेकेदाराला) तर यादी करायलाही सांगू नका आणि माणसं आणायलाही नाही. ज्याच्या उचलीखाली (आगाऊ घेतलेल्या पैशांखाली) माणूस दबलेला आहे, त्याच्यासमोर तो मोकळेपणानं ‘नाही’ म्हणू शकत नाही. ‘हिमोग्लोबिन बघतो’ असं सांगून त्याच थेंबावर एचआयव्हीची चाचणी करणं हा तर सरळ कायदेभंग आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार चाचणीआधी समजावून संमती घ्यावीच लागते. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन यांच्याबरोबर ही चाचणी जरूर ठेवा, त्यानं आडपडदा मिळतो. मात्र प्रत्येक तपासणीचं नाव स्वतंत्र सांगा आणि नकार देणाऱ्याच्या बाकीच्या तपासण्या पूर्ण करा.

मांडणीतही गुपित फुटतं. निगेटिव्ह माणूस दोन मिनिटांत बाहेर येतो आणि एकीला समुपदेशक अर्धा तास बसवून ठेवतो. बाहेरची रांग हे मोजत असते. सगळ्यांना सारखी दहा मिनिटं द्या. सहा तासांत एका समुपदेशकाकडे 36 माणसं होतात, शंभराचं नियोजन करू नका. बोटाच्या थेंबावरची चाचणी ही फक्त चाळणी आहे. तिथे ‘तुम्हाला एचआयव्ही आहे’ असं सांगू नका. ‘आणखी तपासणी लागेल’ एवढंच सांगा. आजाराचं निदान तपासणी केंद्रावर तीन वेगवेगळ्या चाचण्यांनीच पक्कं होतं. तिथवर जायची सोय त्याच दिवशी ठरवा, नाहीतर माणूस घाबरून निघून जातो. आशाताई तांड्यातल्याच असतील तर त्या अनेकांच्या नात्यातल्या असतात. त्यांच्याकडून निरोप द्यायचा की नाही, हे रुग्णालाच विचारा.

चाचणीची किटही जपा. मराठवाड्यातल्या मे महिन्यात गाडीचा टप तापतो. तापमानाची मर्यादा पाकिटावर छापलेली असते. थंड पेटीत ठेवा, आणि ठरलेली मिनिटं उलटून गेल्यावर पट्टी वाचू नका.

एचआयव्हीचं औषध सुरू झालं की खरी कसोटी दसऱ्याला लागते. निघण्यापूर्वी पंधरा दिवस आधी भेटा. टोळी कोणत्या कारखान्याला जाणार ते विचारा, तिथलं जवळचं एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराचं) केंद्र किंवा त्याला जोडलेलं लिंक एआरटी केंद्र शोधून द्या. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, त्या आधीच मागा. गोळी पहाटेला बांधू नका. फडावर तीन-चारलाच धावपळ सुरू होते. दिवसातून एकदाच घ्यायची असते, रात्रीच्या भाकरीबरोबर ठेवा. चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी, दुप्पट घेऊ नये. गरोदर बाईला लोह-कॅल्शियमच्या गोळ्याही असतात. त्या उपाशीपोटी एआरटीच्या गोळीतल्या डोल्युटेग्राविर या औषधासोबत घेतल्या तर औषध नीट शोषलं जात नाही. दोन्ही जेवणासोबत घ्याव्यात, नाहीतर एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी.

भगताशी भांडू नका. अंगारा घ्या, पण गोळी थांबवू नका, एवढं त्याच्याकडून वदवून घेतलं तरी पुष्कळ. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं, यातलं काही दिसलं तर क्षयरोगाच्या तपासणीसाठी दवाखान्यात पाठवायलाही त्यालाच सांगा. जत्रेत गोंदवून घेताना सुई नवी हवी, हे सांगायचंच. मात्र अर्धं भाषण गोंदणावर घालवू नका. बहुतेक लागण संबंधांतून होते, आणि परंपरेलाच दोष दिला की लोक पुढचं ऐकत नाहीत.

लागण असलेल्या आईच्या बाळाचा पाठपुरावा फडाच्या वेळापत्रकातच अडकतो. पहिली तपासणी सहाव्या आठवड्याला, शेवटची दीड वर्षाला. या तारखा कार्डावर इंग्रजी महिन्यांत लिहून आईला काही उपयोग नाही. ‘होळीच्या पुढच्या सोमवारी’, ‘तीजेनंतर’ (तीज हा बंजाऱ्यांचा सण) असं तिला सांगा, आणि त्या दिवशी ती तांड्यावर असेल की फडावर, हे तिथेच विचारून कोणत्या केंद्रात जायचं ते त्याच कार्डावर लिहा.