फॅटी लिव्हर निघालंय? मग बैठका मारा

सोनोग्राफीत ग्रेड वन, म्हणजे यकृतात चरबी साठण्याची पहिली पायरी, आलं की पहिला सल्ला ठरलेला: सकाळी गरम पाण्यात लिंबू. त्याने यकृतातली चरबी हलत नाही. आणि ‘मी तर बारीक आहे’ हे पुण्यात तरी सांगू नका. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो या आकड्यांसह छापून आला होता.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर बरीचशी स्नायूंनी उचलायची असते. स्नायूंतच चरबी शिरली की ते इन्सुलिनला दाद देत नाहीत. मग जास्तीची साखर यकृताकडे वळते आणि तिथे तिची चरबी बनते. म्हणून आधी कामाला लावायचे ते मांड्या आणि नितंबांचे मोठे स्नायू.

दारू आणि गोड पेयं बंद. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चाला. तळजाई, सारसबाग, कुठेही. परतताना वडापाव नको.

आता बैठका. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, माझंही बरेच दिवस अडलं होतं. चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर, टाचा जमिनीला घट्ट. मनात चार आकडे मोजत खाली या, खुर्चीला जेमतेम टेका आणि उठा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया. स्नायूची खरी परीक्षा खाली येतानाच असते. गुडघे आत वळू देऊ नका. उठताना श्वास सोडा. तो कोंडला की रक्तदाब चढतो, त्यामुळे बीपीवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मांडी भरून आली तर उत्तम. गुडघ्यात कळ आली तर थांबा आणि खुर्चीवर जाड सतरंजी घालून उंची वाढवा.

दहा-बाराच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. प्रत्येक फेरीतल्या शेवटच्या दोन बैठका जड गेल्याच पाहिजेत. सोप्या वाटू लागल्या की पाठीवरच्या सॅकमध्ये दोन किलो तांदूळ घाला, पुढे चार. वर्षभर त्याच दहा बैठका मारून ‘फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

हातांसाठी भिंतीवर जोर. पुरे.

उपाशी राहून वजन झपाट्याने उतरवू नका, त्यात स्नायूही झडतात. आठवड्याला अर्धा किलो ठीक. जास्त वजन असलेल्यांनी सात ते दहा टक्के उतरवलं की यकृताची सूजही कमी होते. प्रत्येक जेवणात घट्ट वरण, उसळ, अंडं किंवा पनीर हवंच.

महिन्याभरात पुन्हा सोनोग्राफीला धावू नका. थोडी चरबी तिला दिसतही नाही. सहा महिन्यांनी डॉक्टरांना फायब्रोस्कॅनचं, म्हणजे यकृताची चरबी आणि कडकपणा मोजणाऱ्या तपासणीचं, विचारा. तोवर घरच्या टेपने कंबर मोजत राहा: पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आत, बायकांची 80च्या.