झाड माती खात नाही, इथून सुरुवात करा: मुलांसोबत करायचा मातीचा प्रयोग

मुलांना एकदा विचारून बघा, झाड काय खाऊन मोठं होतं? बहुतेक मुलं पटकन "माती" म्हणतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच मोठ्या माणसांनाही मनातून तसंच वाटत असतं. म्हणून मी मातीचे प्रकार वगैरे लगेच सुरू करत नाही. "काळी चांगली, रेताड वाईट" असं पाठ करून घेतलं की मुलं ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवतात, पण माती रोपासाठी नेमकं काय काम करते हे कळलं नसेल तर त्या पाठांतराचा काही उपयोग नाही.

मी आधी व्हान हेल्मॉन्टची गोष्ट सांगते. सतराव्या शतकातला हा शास्त्रज्ञ, त्याने वाळवलेली २०० पौंड माती, म्हणजे साधारण ९० किलो, एका कुंडीत भरली आणि त्यात ५ पौंडांचं विलोचं रोपटं लावलं, मग पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाडाचं वजन भरलं १६९ पौंड! आता इथे थांबायचं आणि मुलांना विचारायचं, मग माती किती कमी झाली असेल? कोणी म्हणतं निम्मी, कोणी म्हणतं सगळीच. खरं उत्तर आहे सुमारे २ औंस, म्हणजे साठ ग्रॅमपेक्षाही कमी. हे सगळं १६४८ मध्ये, तो गेल्यानंतर छापून आलं. त्याने निष्कर्ष काढला की झाड निव्वळ पाण्यापासून बनतं, तो अर्धाच बरोबर होता, कारण पानं हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतात हे तेव्हा कोणाला माहीतच नव्हतं. पण मुलांच्या डोक्यात इथे मस्त गोंधळ उडतो, की झाड माती खात नाही तर मग माती लागते कशाला? हाच प्रश्न पुढचे पाच आठवडे जिवंत ठेवायचा.

आता सामान. तीन प्रकारच्या माती हव्यात: वाळू, चिकणमाती आणि पोयट्याची माती, म्हणजे बागेतली भुसभुशीत, हाताला गार आणि मऊ लागणारी. समुद्राची वाळू घेऊ नका, त्यात मीठ असतं आणि मग रोप मिठाने मेलं की वाळूने हेच कळत नाही. आणि कुंडीसाठी पिशवीतून मिळतं ते तयार मिश्रण पोयटा म्हणून वापरू नका, त्यात बरेचदा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खतच जास्त असतं, माती नावालाच. सगळी माती उन्हात वाळवून, ढेकळं फोडून, खडे आणि मुळं काढून घ्या. हे काम मुलांनाच करू द्या, फक्त कोरडी माती चाळताना धूळ नाकात जाते तेव्हा तोंडाला रुमाल बांधायचा, हाताला जखम असेल तर मातीत हात घालायचा नाही, आणि शेवटी साबणाने हात धुवायचे, यात सूट नाही.

पेरणीच्या आधी एक पूर्ण दिवस निव्वळ माती हाताळायला ठेवा. घाई करू नका, कारण पुढे रोपात जे काही दिसणार आहे त्याचं कारण मुलांना इथे बोटांना कळतं. मूठभर माती थोडी थोडी ओली करून मळायची. वाळू खरखरते, गोळा झाला तरी लगेच फुटतो. चिकणमातीची पिठासारखी वळी होते, बोटांना चिकटून बसते. मग अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये दाबत दाबत मातीची पट्टी पुढे सरकवायची आणि ती तुटेपर्यंत किती लांब होते ते फूटपट्टीने मोजायचं. अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर पोयटा, अडीच ते पाच म्हणजे चिकण पोयटा, पाचच्याही पुढे गेली तर चिकणमाती, आणि वाळूची तर पट्टी होतच नाही. माती ओळखणारे तज्ज्ञसुद्धा शेतात उभं राहून असंच करतात हे सांगितलं की मुलं एकदम गंभीर होऊन पट्ट्या काढायला लागतात 🙂

दुसरं, बरणीचं. सरळ उभ्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, झाकण घट्ट लावून पाच मिनिटं जोरात हलवायची आणि मग हात न लावता ठेवून द्यायची. पहिल्या मिनिटातच वाळू खाली बसते, तिथे मार्करने खूण करा. दोन तासांनी दुसरी खूण, हा गाळाचा थर, म्हणजे वाळूपेक्षा बारीक पण चिकणमातीपेक्षा मोठ्या कणांचा. चिकणमाती बसायला एक दिवस लागतो, कधी त्याहून जास्त, तोपर्यंत पाणी गढूळच राहतं. कुजलेली पानं, काड्या वर तरंगतात. चांगल्या पोयट्यात साधारण ४० टक्के वाळू, ४० टक्के गाळ आणि २० टक्के चिकणमाती असते, तेव्हा तुमच्या बरणीत किती निघाले ते मुलांना मोजू द्या, टक्केवारीचं गणितही होऊन जातं. आणि मग कणांच्या आकाराबद्दल बोला: वाळूचा मोठ्यात मोठा कण २ मिलीमीटर, चिकणमातीचा कण ०.००२ मिलीमीटरपेक्षाही लहान, म्हणजे हजार पटींचा फरक. वाळूचा तो कण एक मीटर रुंद टेबलाएवढा धरला तर चिकणमातीचा कण फार तर मोहरीएवढा!

तिसरी चाचणी पाण्याची. तीन सारखे ग्लास, तळाला सारखीच भोकं (गरम खिळ्याने मोठ्यांनी पाडायची), एकेकात एकेक प्रकारची कोरडी माती, पण सारख्याच मापाची, खाली वाटी. प्रत्येकात १०० मिली पाणी ओता आणि दहा मिनिटांनी कोणाच्या वाटीत किती आलं ते मोजा. वाळूतून पाणी धो धो खाली येतं, चिकणमातीवर ते बराच वेळ वरच डबकं करून बसतं. वाळूच्या कणांमधल्या फटी मोठ्या, त्यातून पाणी निसटतं आणि त्याच्या जागी हवा शिरते. चिकणमातीत फटी असंख्य असतात पण इतक्या बारीक की पाणी धरून ठेवतात आणि हवेला जागा उरत नाही. हवेचं हे मुलांना ठासून सांगा, कारण मुळांनाही श्वास लागतो ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आलेली नसते. चांगल्या मातीत घनफळाने जवळपास निम्मी जागा मोकळी असते, त्यातली अर्धी पाण्याने आणि अर्धी हवेने भरलेली.

आता पेरणी. इथे बहुतेक जण एक चूक करतात, मीही पहिल्यांदा केली होती. तीन कुंड्या, तिन्हींना रोज सारखं पाणी, आणि महिन्याने निकाल. माझ्या त्या प्रयोगात वाळूतलं रोप छान टवटवीत राहिलं आणि चिकणमातीतलं पिवळं पडून मान टाकून बसलं, आणि मुलांनी वहीत लिहून टाकलं की वाळू सगळ्यात चांगली. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, प्रयोगच अर्धा होता! रोज पाणी मिळालं तर वाळूला आपलं पाणी न धरणं लपवता येतं, आणि चिकणमाती मात्र बुडून जाते.

म्हणून तीन नाही, सहा ग्लास करा, तळाला तशीच भोकं आणि खाली ताटली. दोन ओळी, प्रत्येक ओळीत तिन्ही माती. पारदर्शक ग्लास घेतले तर मुळं दिसतात, फक्त बाहेरून काळा कागद गुंडाळून ठेवा, बघायच्या वेळी काढायचा, नाहीतर उजेडाने आत हिरवं शेवाळ धरतं. घेवड्याचं बी घ्या, मोठं असतं, मुलांच्या हातात नीट येतं. प्रत्येक ग्लासात सारख्या आकाराच्या तीन बिया, दोन सेंटीमीटर खोल, कारण एकच बी लावलं आणि तेच खराब निघालं तर तुम्ही उगाच मातीला दोष देणार. उगवून येईपर्यंत सगळ्यांना सारखं पाणी. त्यानंतर पहिल्या ओळीला रोज ३० मिली, दुसऱ्या ओळीला दर चौथ्या दिवशी ३० मिली. सगळे ग्लास एकाच खिडकीत, आणि जागा दर दोन दिवसांनी अदलाबदल करायच्या म्हणजे उजेड सगळ्यांना सारखा.

चिकणमातीच्या ग्लासाकडे उगवायच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ बघायला लावा. तिच्यावर वाळून कडक पापुद्रा आलेला असतो, त्याला आधी केसाएवढी चीर पडते, मग दुसरी, आणि मग तो तुकडा अख्खाच्या अख्खा डब्याच्या झाकणासारखा वर उचलला जातो आणि खाली दिसते घेवड्याची वाकलेली पांढरट मान. कोंब टोकाने नाही, त्या वाकलेल्या मानेने माती ढकलत असतो, टोकाची नाजूक पानं मागून ओढून आणतो. वाळूत हेच एका दिवसात सहज होऊन गेलेलं असतं. कधी कधी चिकणमातीतली एखादी मान मोडते, तेव्हा ती मोडलेलीही दाखवा, लपवू नका.

पहिल्या आठ-दहा दिवसांत रोपांमध्ये फारसा फरक दिसणार नाही आणि मुलं कंटाळून म्हणतील की मातीने काही होतच नाही. हे आधीच सांगून ठेवा की बी आपला डबा सोबत घेऊन येतं, त्या दोन जाड डाळिंब्यांमध्ये त्याचं खाणं असतं. डाळिंब्या सुरकुतून गळून पडल्या की मग रोप खरोखर मातीच्या भरवशावर येतं. म्हणून प्रयोग चार-पाच आठवडे चालवायचाच, दहा दिवसांत गुंडाळला तर हाती काही लागत नाही.

रोज काय मोजायचं? उंची आणि पानं तर सगळेच मोजतात, पण मला सगळ्यात आवडतं ते वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाणी घातल्यावर लगेच ग्लास ठेवा, मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळी. जेवढं वजन कमी झालं तेवढं पाणी गेलं, थोडं मातीतून उडालं, थोडं पानांतून. रोपाच्या वाढीचं वजन एका दिवसात इतकं कमी असतं की ते धरलं नाही तरी चालतं. जे खाली ताटलीत गळतं ते वेगळं मोजा. चौथ्या दिवसापर्यंत वाळूच्या ग्लासात काय शिल्लक राहतं हे आकड्यात दिसलं की कोरड्या ओळीतली वाळूतली रोपं का माना टाकतात हे वेगळं समजवावं लागत नाही. आणि ओल्या ओळीत चिकणमातीतलं रोप ओलं असूनही मलूल का, तर मूळ गुदमरलं, त्याला पाणी वर ओढायलाच ताकद नाही. "पाणी आहे तरी सुकलंय" हे मुलांना आधी पटतच नाही, काळा कागद काढून तपकिरी झालेलं मूळ दाखवा मग पटतं.

अजून एक, जे फार कोणी सांगत नाही. घेवडा हे शेंगवर्गातलं झाड, त्याच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देतात. गाठी धरल्या तर वाळूत खायला कमी असूनही ते जरा जास्त तग धरतं. मातीतल्या पोषणाचा फरक ठळक दिसायला हवा असेल तर दोन-तीन ग्लासात मक्याचे दाणे लावा. वाळूतल्या मक्याची खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात, कारण नायट्रोजन कमी पडला की रोप जुन्या पानांतला काढून नव्या पानांना देतं. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे पोटॅशियम, कॅल्शियम असले क्षार तिथे चिकटून राहतात. वाळूतून ते पाण्याबरोबर वाहून जातात.

शेवटच्या दिवशी रोपं उपटायची नाहीत, मुळं तुटतात. अख्खा ग्लास बादलीत बुडवून माती हळूहळू सुटू द्यायची आणि मुळं पांढऱ्या ताटलीत पसरून ठेवायची. वाळूतली मुळं बहुतेक वेळा लांब, पाण्याच्या शोधात खाली गेलेली, चिकणमातीतली आखूड आणि जाडसर, पोयट्यात सगळीकडे बारीक जाळं. मुलांना चित्रं काढू द्या, फोटोपेक्षा चित्र काढताना जास्त दिसतं.

माती फेकू नका. आता मुलांनाच विचारा, हिला सुधारायचं कसं? जवळपास सगळे म्हणतात चिकणमातीत वाळू घाला. घालू द्या ना, थोडी वाळू मिसळून गोळा करून वाळवा, विटेसारखा टणक होतो. मग दुसऱ्या गोळ्यात चांगलं कुजलेलं खत, तीन भाग मातीला एक भाग, मिसळून वाळवा, तो बोटांनी फुटतो. तेच खत वाळूत घातलं तर वाळू पाणी धरायला लागते, वजनाच्या काट्यावर लगेच कळतं. या नव्या मिश्रणांत पुन्हा बी लावायचं, पाण्याच्या त्याच दोन ओळी ठेवून.

आणि एखादं मूल हमखास विचारतं, चिखलात मुळं गुदमरतात तर कमळ कसं जगतं? हा प्रश्न आला की मला फार आनंद होतो. कमळाच्या पानाचा लांब देठ मिळाला तर आडवा कापून दाखवा, आत आरपार नळ्या असतात, पानाकडची हवा त्यातून खाली चिखलातल्या मुळांपर्यंत जाते. देठाचं एक टोक पाण्यात धरायचं आणि दुसऱ्या टोकातून मुलाला फुंकर मारायला सांगायचं. पाण्यात बुडबुडे येतात.