वैमानिकाचा डबा कसा भरावा

पहाटे साडेतीनला दारात गाडी येणार असेल, तर माझा डबा आदल्या रात्री नऊपर्यंत भरून तयार असतो. गेली नऊ वर्षे मी एअरबस ३२० उडवतो आहे. औसा तालुक्यातील आमच्या भागातून किंवा नांदेड-परभणीकडून वैमानिक व्हायला निघालेली मुले-मुली भेटतात, तेव्हा परवान्याच्या परीक्षा, प्रशिक्षणाचा खर्च आणि मुलाखती यांबद्दल ती पुष्कळ विचारतात; ड्यूटीवर असताना काय आणि केव्हा खाता, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. नोकरीच्या पहिल्या वर्षात अनेकांची तब्येत नेमकी याच बाबीमुळे बिघडलेली मी पाहिली आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

रोस्टरवर, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकात, चार सेक्टर (चार उड्डाणे) असले की दिवस कसा जातो, ते आधी समजून घ्यावे. दोन उड्डाणांमध्ये अर्धा-पाऊण तास मिळतो, आणि त्या वेळात एकजण खाली उतरून विमानाभोवती फेरी मारून तपासणी करतो, दुसरा पुढच्या मार्गाची माहिती संगणकात भरतो, इंधन ठरते, लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा तक्ता, येते. त्यामुळे जेवण होते ते आकाशात, विमान स्थिर उंचीवर गेल्यावर, आणि तेही एकाचे आटोपल्यावर दुसऱ्याचे. दोन्ही वैमानिकांनी एकच पदार्थ खाऊ नये, हा दंडक जवळपास सर्वत्र पाळला जातो, कारण एकाच अन्नातून दोघांनाही विषबाधा झाली तर विमान उतरवायला कोणी उरणार नाही. हा दंडक घरच्या डब्यालाही तितकाच लागू आहे. आपल्याकडे डबा उघडला की आधी शेजारच्यापुढे करायचा, ही रीत आहे आणि ती चांगलीच आहे. कॉकपिटमध्ये मात्र ती बाजूला ठेवावी, आणि डब्यातले काही द्यायचेच असेल तर दिवसाचे शेवटचे उड्डाण संपल्यावर द्यावे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, पहाटे केलेला मसालेभात मी गरम असतानाच डब्यात दाबून भरला. दुपारी एकच्या सुमारास तो खाल्ला, तेव्हा चवीत किंवा वासात काहीही खटकले नाही. अडीचच्या सुमारास, खाली उतरायला सुरुवात केल्यावर, तोंडाला पाणी सुटले, कपाळावर घाम आला आणि पोट ढवळू लागले. मी लगेच कॅप्टन सरांना सांगितले. त्यांनी नियंत्रण आपल्याकडे घेतले आणि विमान उतरवले. पुढचे दोन सेक्टर दुसऱ्या फर्स्ट ऑफिसरला (सहवैमानिकाला) बोलावून करावे लागले. नंतर डॉक्टरांनी कारण समजावून सांगितले. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला की बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू त्यात वाढतो आणि असे विष तयार करतो, जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात शिजवलेले ओलसर अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि आपल्या उन्हाळ्यात तर एका तासापेक्षाही जास्त नको. तेव्हापासून माझ्या डब्यात भात नसतो. ज्यांना त्यावाचून चालत नाही, त्यांनी तो विमानतळावर ताजा घेऊन तिथेच खावा.

भाताची जागा धपाट्यांनी घेतली. ज्वारी, गहू आणि हरभरा डाळीचे पीठ, तीळ, ओवा, लसूण, तिखट, हळद असे सगळे घट्ट मळून, ओल्या फडक्यावर थापून, मध्ये बोटाने भोके पाडून तेलावर दोन्ही बाजूंनी खमंग भाजलेले धपाटे आमच्याकडे पंढरीच्या वाटेवर आणि लांबच्या एसटी प्रवासात पिढ्यान् पिढ्या जात आले आहेत, आणि कॉकपिटसाठी याहून योग्य अन्न मला तरी सापडलेले नाही. कांदा व कोथिंबीर घालू नये, कारण त्यांच्या ओलाव्यामुळे धपाटे लवकर खराब होतात. तव्यावरून काढल्यावर ते सुट्टे पसरून पूर्ण गार होऊ द्यावेत आणि मगच सुती कापडात गुंडाळावेत. दोन दिवसांच्या ट्रिपला मी सोबत दुधात मळलेल्या दशम्याही घेतो. जवसाची किंवा कारळाची चटणी वेगळी नेऊ नये. तिची भुकटी बटणांच्या फटीत उडते. ती थोड्या तेलात कालवून धपाट्याच्या आतून लावावी आणि गुंडाळी करावी, म्हणजे एका हाताने, कण न सांडता खाता येते.

पातळ पदार्थांबाबत मी फार कडक आहे. २०१९ मध्ये फ्रँकफर्टहून कॅनकूनला निघालेल्या एका एअरबस ए-३३० मध्ये झाकण नसलेल्या पेल्यातली कॉफी ध्वनिसंचाच्या पॅनेलवर सांडली, पॅनेल तापून धूर निघाला आणि अटलांटिकवरून विमान वळवून आयर्लंडमधल्या शॅननला उतरवावे लागले. म्हणून आमटी, रस्सा, दही कॉकपिटमध्ये आणूच नये. पाणी आणि चहा झाकणाच्या बाटलीतूनच घ्यावा, आणि तो दोन आसनांमधल्या पॅनेलवरून नव्हे, तर बाहेरच्या बाजूने हाती घ्यावा.

विमान ३५ हजार फुटांवर असताना केबिनमधला दाब साधारण आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका असू शकतो, आणि त्या दाबाला पोटातला वायू जवळजवळ एक तृतीयांशाने फुगतो. जमिनीवर सहज पचणारी हरभऱ्याची उसळ, राजमा, कोबी किंवा सोडा घातलेले पेय वर गेल्यावर कळा आणते. सकाळी घट्ट लावलेल्या ताकाच्या बाटलीचे झाकण मी एकदा वर गेल्यावर झटक्यात उघडले आणि फेस शर्टाच्या बाहीवर आला. कोणतीही बंद बाटली वर हळूहळू, बाहेरच्या बाजूला धरूनच उघडावी. हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली असते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर थोड्या वेळाने घोटभर पाणी प्यावे. स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून पाणी कमी पिणारे नवे वैमानिक मी पाहतो, आणि संध्याकाळी डोके धरून बसलेलेही तेच असतात.

रात्रीच्या उड्डाणात पहाटे दोन ते सहा हा काळ शरीर सर्वांत मंदावलेले असण्याचा असतो. तेव्हा पोटभर जेवू नये. निघण्यापूर्वी नीट जेवावे आणि मध्ये मूठभर भाजलेले शेंगदाणे, लहान गुळाचा खडा किंवा एक केळे एवढ्यावर भागवावे. उतरल्यावर झोपायचे असेल, तर शेवटच्या पाच-सहा तासांत कॉफी टाळावी.

लेओव्हरला, म्हणजे दोन ड्यूट्यांमधल्या बाहेरगावच्या मुक्कामात, हॉटेलच्या खोलीत किटली असते, आणि तिथे आपले येसर कामी येते. भाजून दळलेले हे पीठ थर्मासमध्ये उकळत्या पाण्यात कालवून झाकून ठेवले की थोड्या वेळात आमटीसारखे दाट होते; दशमी कुस्करून त्यात घातली की जेवण होते. परदेशी जाताना मात्र सामान दोनदा तपासावे. ऑस्ट्रेलियात फळे, बिया, दुधाचे पदार्थ यांबाबत कडक नियम आहेत आणि क्रूलाही सर्व खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात, तेव्हा जालन्याची मोसंबी विमानातच संपवावी. खसखस दुबई आणि सिंगापूरमध्ये निषिद्ध आहे. दिवाळीच्या अनारशांवर ती असते आणि काळ्या मसाल्यातही असू शकते, हे घरी बांधून देणाऱ्या आईला किंवा काकूंना आधीच सांगून ठेवावे. भारतातही २०२२ पासून वैमानिकांची मादक द्रव्यांसाठी अचानक तपासणी होते, आणि खसखशीमुळे चाचणीत अफूजन्य पदार्थ दिसू शकतात. खोकल्यासाठी घरून मिळालेले द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट यांत आंबवण्यातून तयार झालेले मद्य असते. उड्डाणापूर्वीच्या श्वासतपासणीत शून्यच आकडा लागतो, म्हणून ड्यूटीच्या दिवसांत ते घेऊ नये.

खोलीवर पोहोचल्यावर डब्यात काही उरले असेल, तर ते उद्यासाठी न ठेवता टाकून द्यावे. डबा स्टीलचाच असावा. तो गरम पाण्याने धुऊन, झाकण उघडे ठेवून रात्रभर वाळवावा, आणि झाकणाची रबरी कडी वेगळी काढून पुसावी, कारण आंबूस वास तिथूनच सुरू होतो.