स्कोअर आधी, विशेषणं नंतर

टेनिसवर लिहायचंय असं सांगत येणाऱ्या मुलांना मी आधी पुण्यात डेक्कन जिमखान्यावर पाठवतो. तिथल्या महिलांच्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धेत पात्रता फेरी चालू असली की कोर्टाला अगदी खेटून बसता येतं. वही उघडायची आणि प्रत्येक गुण लिहायचा: सर्व्हिस कुणाची, पहिली की दुसरी, गुण कुठल्या फटक्यावर गेला. दोन तासांनी वही चाळली की सामना कुठे फिरला ते आपोआप दिसतं. मी पहिली दोन वर्षं एवढंच केलं.

माझ्या पहिल्याच बातमीत स्कोअर उलटा गेला होता. जिंकणाऱ्याचे गेम आधी लिहायचे, मग त्याने एखादा सेट गमावला असला तरी. ७-६ (४) म्हणजे ६-६ बरोबरीनंतरचा निर्णायक गेम, टायब्रेकर, ७-४ असा सुटला. कंसात हरणाऱ्याचे गुण असतात. हे कुणी शिकवत नाही, आणि वाचक मात्र लगेच पकडतो.

पुण्यात बालेवाडीला २०१९ साली पुरुषांच्या महाराष्ट्र ओपन स्पर्धेची अंतिम लढत केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांच्यात झाली. तिन्ही सेट टायब्रेकरला गेले: ७-६, ६-७, ७-६. पान सोडायची वेळ जवळ आलेली आणि विजेता ठरलेला नाही. अशा वेळी बातमीच्या सुरुवाती दोन लिहून ठेवाव्या लागतात. अँडरसन जिंकला. एकोणचाळीस वर्षांच्या कार्लोविचसाठी लिहिलेला परिच्छेद खोडताना मला खरंच वाईट वाटलं. तो जास्त चांगला उतरला होता.

पत्रकार परिषदेत ‘कसं वाटतंय’ विचारू नका. ‘तिसऱ्या सेटमध्ये ४-४ला दुसरी सर्व्हिस बॅकहँडवर का टाकली?’ असं विचारा. खेळाडू मान वर करून तुमच्याकडे बघतो. इथे ती वही कामाला येते.

समालोचनाचं तंत्र वेगळं. टीव्हीवर चेंडू खेळात असताना गप्प राहायचं. बीबीसीवर विम्बल्डनचं समालोचन वर्षानुवर्षं करणारे डॅन मास्केल त्यांच्या मौनासाठीही ओळखले जात. रेडिओवर मात्र ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही, स्कोअर सतत सांगत राहावा लागतो. आत्ताच रेडिओ लावलेला माणूस डोळ्यांपुढे ठेवा.

नावांचे उच्चार सामन्याआधी पक्के करा. एटीपी या पुरुष व्यावसायिक टेनिसच्या संघटनेच्या संकेतस्थळावर खेळाडूंच्याच आवाजात ते ऐकता येतात. २०२२चा महाराष्ट्र ओपनचा विजेता पोर्तुगालचा. इंग्रजी स्पेलिंग बघून मी त्याला ‘जोआओ सौसा’ म्हणत होतो. गोव्याचा मित्र म्हणाला, अरे, हा तर आमच्याकडचा सोझा!

पैशांचं स्पष्ट सांगतो. मराठीत फक्त टेनिसवर घर चालत नाही. मी क्रिकेट आणि कबड्डीही लिहितो, डेस्कवर रात्रपाळी करतो. जानेवारीतल्या सुट्ट्या मात्र आधीच मागून ठेवतो. ऑस्ट्रेलियन ओपनचे सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतात.