प्रीसेट लोड केला आणि मॉनिटर किंचाळला: डिजिटल मिक्सरवर या चुका टाळा

त्रिपुरी पौर्णिमेची पहाट, पंचगंगेचा घाट. पणत्या लागलेल्या, गायिका माईकसमोर बसलेल्या, आणि मी गडबडीत मागच्या महिन्यातला ‘लेडीज व्होकल फायनल २’ हा प्रीसेट, म्हणजे एका चॅनेलची साठवून ठेवलेली सेटिंग, लोड केला. मॉनिटरनं, म्हणजे कलाकाराकडं तोंड केलेल्या स्पीकरनं, अशी शिट्टी मारली की पहिल्या रांगेतल्या आजींनी कानावर हात ठेवले. मिक्सर बिचारा निर्दोष होता. प्रीसेटमध्ये मीच नको ते भरून ठेवलेलं.

सगळ्यात महागात पडते ती चूक हीच: प्रीसेटसोबत गेनही (माईकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते) परत बोलावणं. त्या दिवशीचा गेन त्या दिवशीच्या गळ्याचा, माईक तोंडापासून किती लांब होता त्याचा. गेन वाढला की मॉनिटरचे सेंडही (चॅनेलवरून तिकडं जाणारा आवाज) तेवढेच वाढतात, मग शिट्टी ठरलेली. उलटंही होतं. गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद ठेवणारा) आणि कंप्रेसर (जोराचा आवाज दाबणारा) गेननंतर येतात. गेन १० डीबीनं कमी असला की डग्ग्याचा हलका हात गेट उघडतच नाही आणि आपण केबल बदलत बसतो. म्हणून आधी लाईन चेक (एकेक माईक तपासणं) करून गेन लावा, थ्रेशोल्ड, म्हणजे गेट-कंप्रेसर ज्या पातळीवर काम सुरू करतात ती, त्यानंतर हातानं जुळवा. बेहरिंगरच्या एक्स ३२ किंवा मिडासच्या एम ३२ मिक्सरवर चॅनेल प्रीसेट लोड करताना हेड अँप (गेनचा भाग), गेट, ईक्यू (आवाजातले खर्ज-तीव्र पट्टे कमी-जास्त करणारा), सेंड असे भाग वेगवेगळे निवडता येतात. तिथं हेड अँपची खूण काढा. फँटम, म्हणजे कंडेन्सर माईकला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा, तोही त्याच भागात येतो, त्यामुळं कंडेन्सर मुका वाटला तर ४८ व्होल्ट आधी बघा.

दुसरी चूक, हॉलचं दुखणं चॅनेलवर साठवणं. बंद सभागृहात शिट्टी थांबवायला मारलेले ईक्यूचे खड्डे गांधी मैदानात उघड्यावर काय कामाचे? तिथं आवाज नुसता पातळ होतो. हॉलसाठीचं ईक्यू आउटपुटवर ठेवा. चॅनेल प्रीसेटमध्ये फक्त माईक आणि वाद्य यांची जोडी.

नावंही तशीच द्या: ‘डग्गा ५७’ (५७ हे माईकचं मॉडेल), ‘पेटी कंडेन्सर’. ‘फायनल’, ‘नवीन’, ‘दादांचा’ ही नावं सहा महिन्यांनी तुम्हालाच कळत नाहीत, असिस्टंट पोराला काय कळणार! वर्षातून एकदा, गणपतीच्या सीझनआधी, गोडाऊनमध्ये बसून जुने उडवा.

चालू कार्यक्रमात सीन बोलावणं हा वेगळाच प्रकार. प्रीसेट एका चॅनेलला हात लावतो, सीन अख्ख्या मिक्सरला. निवेदकाचा माईक सेफ केला, म्हणजे सीनमधून वगळला, नसेल तर तो वाक्याच्या मध्येच बंद.

भाड्याच्या मिक्सरवर फाईल उघडत नसेल तर आधी पेनड्राइव्ह फॅट ३२ फॉरमॅटमध्ये आहे का बघा. बेहरिंगरची फाईल यामाहावर चालणार नाही, तिथं आकडे वहीत लिहिलेलेच कामी येतात. आणि पेनड्राइव्ह दोन ठेवा. माझा एक त्या पहाटेच घाटाच्या पायरीवरून पाण्यात गेला.