ॲनिमेशनपटातलं पात्र बोलतंय, पण आशय पोचत नाही? या चुका टाळा

माझ्या पहिल्या ॲनिमेशनपटात चाळीस मुंग्या होत्या, गुळाची ढेप ओढत नेणाऱ्या. विषय होता एकी. दोन पावसाळे घालवून काढलेला तो चार मिनिटांचा चित्रपट मी एका गॅदरिंगमध्ये दाखवला. स्टेजवरून खाली उतरलो, तर एका गृहस्थांनी विचारलं, "कुठल्या अडत दुकानाची जाहिरात म्हणायची ही?"

राग आला, पण चूक त्यांची नव्हती. मी एकच मुंगी काढून चाळीस वेळा चिकटवली होती. त्यातल्या एकीलाही रांग सोडावीशी वाटली नाही, एकीनंही काही गमावलं नाही. जिथं फाटाफूट व्हायची शक्यताच नाही, तिथं एकी दिसणार कुठून? लोकांना गूळ दिसला, कारण पडद्यावर तेवढाच होता.

आता दर रविवारी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका खोलीत आठ-दहा पोरापोरींबरोबर बसतो. कॉम्प्युटरवर कुणी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर काम करतं, कुणी क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरवर. चित्रं माझ्या तेव्हाच्या चित्रांपेक्षा कितीतरी बरी असतात. चुका मात्र त्याच.

विषय पात्राच्या तोंडी देणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, म्हणून हिच्यावर जरा थांबतो. पंचगंगेकाठच्या पेठेतल्या एका पोरानं २०१९ च्या पुरावर स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची क्रमानं काढलेली चित्रं, आणला होता. म्हातारा गवळी, त्याच्या तीन म्हशी, एक रेडकू. शेवटी म्हातारा नातवाला जवळ घेऊन सांगतो की पूर आल्यावरच माणुसकी कळते, जात-भावकी सगळी वाहून जाते, वगैरे. पंधरा सेकंदांचं भाषण.

मी आधी त्याला हिशेब घातला. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे चौकटी, जातात. एक चित्र दोन फ्रेम धरायचं म्हटलं तर सेकंदाला १२ चित्रं, पंधरा सेकंदांची १८०. तोंडाचे आकार पुन्हा पुन्हा वापरले तरी मान, भुवया, हात हलवावेच लागतात, नाहीतर म्हातारा रेडिओसारखा वाटतो. एवढी मेहनत करून शेवटी मिळतं काय, तर शाळेच्या फळ्यावरचा सुविचार.

मग दोघांनी बसून तो प्रसंग नव्यानं लावला. पहिल्याच शॉटमध्ये, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, दोन गवळी एकमेकांकडे पाठ करून धार काढतायत. अबोला आहे हे कळायला तेवढं पुरतं. पुढं पूर. गोठ्यात गुडघाभर पाणी. म्हातारा आपल्या म्हशींची दावी सोडतो, त्यांना वर हाकलतो, आणि रेडकाची दोरी मनगटाला गुंडाळून निघतो. शेजारच्या गोठ्यात त्या अबोल्यावाल्याची म्हैस अजून बांधलेलीच. म्हातारा पुढं जातो. दोन पावलं. थांबतो.

भिजलेल्या दाव्याची गाठ एका हातानं सुटत नाही. म्हाताऱ्याला दोन्ही हात लागणार, म्हणजे रेडकाची दोरी सोडावी लागणार. तो सोडतो.

"पण सर, ह्यात माणुसकी हा शब्दच न्हाई."

"न्हाईच की."

तो थांबण्याचा क्षण आम्ही ४० फ्रेमचा ठेवला. म्हाताऱ्याचं एकच चित्र, त्यात एक पापणी लवते. पाण्याचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवायची चित्रं, आधीच काढलेला होता, तोच खाली फिरत राहिला. खर्च जवळजवळ शून्य. नवखी पोरं थांबायला घाबरतात. ॲनिमेशन म्हणजे सतत काहीतरी हललं पाहिजे, असा समज असतो. एवढं मात्र बघा: हातानं काढलेलं पात्र स्थिर ठेवलं तरी चालतं, पण थ्रीडी बाहुलं पूर्ण गोठलं की मेल्यासारखं दिसतं. त्याच्या खांद्यात थोडा श्वास ठेवावा लागतो.

तपासायची रीत सोपी आहे: आवाज बंद करून ॲनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं वेळेनुसार लावून केलेला कच्चा व्हिडिओ, बघा. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको खरं तर. बाबूराव पेंटरांनी इथं मूकपट काढले, शूटिंगच्या आधी प्रसंगांची स्केचेस काढून ठेवायचे. त्यांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये जमीन गेलेला शेतकरी गाव सोडून गिरणीत जातो. पडद्यावर आवाज नाही, तरी सावकारी म्हणजे काय ते त्या एका माणसाच्या वाटेनं कळतं. तुमचा चित्रपट मुका केल्यावर नुसता पूर, नुसता गूळ, नुसत्या म्हशी उरत असतील, तर पात्रानं अजून काही केलेलंच नाही, असं समजा.

विरोधी पात्र परक्या गावचं

लक्षण: नायकाला वाटतं निसर्ग वाचवावा, आणि खलनायकाला हवी असते सत्ता. दोघं भांडतात, पण वेगवेगळ्या विषयांवर. मारामारी चांगली झाली तरी प्रेक्षकाच्या हाती काही लागत नाही.

'फाइंडिंग निमो' (२००३) पुन्हा बघा, या वेळी वही घेऊन. हरवलेल्या पोराला, निमोला, शोधायला निघालेल्या माशाची ही गोष्ट. प्रश्न एकच आहे: पोराला किती जपायचं, किती सोडायचं? बाप मार्लिन गच्च धरून ठेवणारा. वाटेत भेटलेल्या डोरीला मागचं काही आठवतच नाही, त्यामुळं पुढची भीतीही फारशी नाही. क्रश कासव आपल्या पोराला प्रवाहाबाहेर भिरकावलं गेलेलं बघतो आणि धावत सुटत नाही, त्याचं त्याला जमतं का बघत थांबतो. निमो अडकलेल्या काचेच्या टाकीतला गिल मासा तर निमोला धोक्यातच ढकलतो. चौघं चार उत्तरं. आणि निमोचा एक पर लहान आहे, म्हणून बापाची भीती आपल्यालाही खोटी वाटत नाही. या चित्रपटात धड खलनायक नाही, तरी कुठं ढिला पडत नाही.

म्हणून स्टोरीबोर्डच्या मागच्या पानावर प्रश्न लिहा आणि प्रत्येक पात्रासमोर त्याचं उत्तर. दोघांचं उत्तर सारखं आलं तर एकाला घरी पाठवा. माझ्या मुंग्यांपैकी एकोणचाळीस तेव्हाच घरी जायला हव्या होत्या.

जोडी चुकणं

कधी कधी पात्रं ठीक असतात, प्रवासाला निघालेली जोडी चुकलेली असते. 'इनसाइड आउट'मध्ये (२०१५) एका मुलीच्या मनातल्या भावनाच पात्रं आहेत. त्याच्या सुरुवातीच्या मसुद्यात आनंदाबरोबर भीती निघाली होती. काम बरंच पुढं गेल्यावर दिग्दर्शक पीट डॉक्टर यांच्या लक्षात आलं, आनंदाला दुःखाबरोबर पाठवायला हवं. जोडी बदलली आणि चित्रपटाला काय म्हणायचंय तेच बदललं: रडण्यामुळं माणसं जवळ येतात, हे आनंदाला दुःखाशेजारी चालल्याशिवाय कळलंच नसतं. तुमची गोष्ट मध्यावर अडकली असेल तर नवीन प्रसंग शोधत बसू नका, आधी सोबती बदलून बघा. कागदावर अर्ध्या तासाचं काम आहे.

आकार गणवेशासारखा वापरणं

गोल म्हणजे गोड, टोकदार म्हणजे वाईट. एवढं कुठंतरी वाचून पोरं कामाला लागतात. 'अप'मध्ये (२००९) म्हातारा कार्ल चौकोनी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो चौकोन बोलतो तो त्याची बायको एली गोल होती म्हणून. ती गेल्यावर मागं राहतो चौकोनी म्हातारा, चौकोनी खुर्चीत. शेजारी दुसरा आकार नसता तर ती नुसती एक रेखाटनाची लकब राहिली असती.

आकाराला पात्राचं मागचं आयुष्य चिकटलेलं असावं. आमच्या वर्गात एकीनं पैलवान काढला: छाती त्रिकोणी, दंड भोपळ्याएवढे. असा पैलवान जगात कुठंही सापडेल. मी तिला म्हटलं, गंगावेशीच्या तालमीत जा, वस्तादांना विचारून तासभर बस. परत आली ती मोडलेले, गड्ड्यासारखे झालेले कान घेऊन. गोष्ट हरलेल्या माणसाची होती. त्या कानांनी जेवढं सांगितलं तेवढं दंडांना जमलं नसतं. पुढं पात्र काळ्या रंगात भरून नुसत्या सावलीत बघितलं, तरी कान ओळखू येत होते.

बोली फक्त हसवायला

यावर मी जरा चिडतो. गोष्ट कोल्हापुरातली, पोरं कोल्हापूरची, आणि नायक बोलतो पुस्तकातलं मराठी. "आई, मी आता निघतो." कोल्हापुरी कुणाच्या वाट्याला? मूर्ख हवालदाराच्या, नाहीतर खादाड मामाच्या. "लै भारी", "नाद खुळा" म्हटलं की पिकला हशा.

मग तुमचा विषय 'माती' असो नाहीतर 'आईची माया', प्रेक्षकाला पोचतं ते एवढंच: शहाणी माणसं अशी बोलत नाहीत. ही न ठरवता आत शिरलेली थीम, आणि ठरवलेल्या थीमपेक्षा तीच जास्त ठामपणे पोचते. काळ्या रंगाचा खलनायक आणि जाडा विदूषक हेही याच जातीचे. उपाय म्हणून बोली सगळ्यांना द्या, किंवा कुणालाच नको. आणि आवाज देताना पोरांनी घरच्या माणसांना बसवावं. मावशी माइकसमोर पाच मिनिटं अवघडते, मग अशी काही बोलते की तुमचे संवाद फाडून टाकावेसे वाटतात.

प्रतीक चिकटवणं

विझणारी पणती, उडणारं पाखरू, फुटलेला आरसा. बहुतेक वेळा काढून टाकलं तरी काही बिघडत नाही, म्हणजे ते नकोच होतं. गवळ्याच्या चित्रपटात दावं तीन वेळा येतं: कट्ट्यावर म्हशीच्या गळ्यात, पुरात मनगटावर, शेवटी कोरड्या खुंटीवर रिकामं. ते प्रतीक आहे असं आम्ही कुणी म्हटलं नव्हतं. ते वापरायचं दावं होतं, एवढंच.

तो चित्रपट तीन मिनिटांचा. सुरुवातीच्या हिशेबात २,१६० चित्रं होती. भाषण गेल्यावर, थांबे वाढल्यावर आकडा बराच खाली आला आणि पोरानं दिवाळीआधी काम संपवलं. खोलीत दाखवल्यावर भांडण एकाच गोष्टीवर पेटलं: रेडकू सापडतं का? निम्म्यांना ते शेवटी कट्ट्यावर उभं दिसायला हवं होतं, निम्म्यांना नको. अर्धा तास कल्ला चालला. मग पोरगा म्हणाला, दाखवायचं तर अजून नव्वद चित्रं आहेत, कोण काढतंय? सगळे चहाला गेले.