केप्याच्या वाड्यात जेवायला जाण्याआधी

सगळ्यात आधी फोन. दक्षिण गोव्यात केप्याला कुशावतीच्या काठी ‘पालासिओ दो देआंव’ हा १७८७ सालचा वाडा आहे आणि तिथे जेवण आधी सांगितल्यावरच शिजतं. आयत्या वेळी दारात उभं राहिलात तर वाडा पाहून उपाशी परताल. फोनवरच माणसं किती, वेळ कोणती, दर काय, हे ठरवून घ्या.

मग खाण्यापिण्याचं. ‘आम्ही शाकाहारी’ एवढंच सांगून भागत नाही. गोव्याच्या ख्रिस्ती स्वयंपाकात कोळंबी सुरुवातीच्या तळणातच येते, शोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज भातातही पडतं आणि बिबिंक या थरांच्या गोड पदार्थाच्या एकेका थरात अंड्याचा बलक असतो. त्यामुळे अंडं चालतं की नाही, हे वेगळं सांगा. घरात कोणाला मासळीची अ‍ॅलर्जी असेल तर तेही आधीच. यजमानांना ताटावर बसल्यावर अडचणीत टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

जेवणाच्या वेळेच्या निदान तासभर आधी पोहोचा, कारण वाडा भरल्या पोटी नीट पाहून होत नाही. तो जोझे पाउलो या डीनने, म्हणजे चर्चमधल्या वरिष्ठ धर्मगुरूने, बांधला, समोरचं चर्चही त्याचंच, आणि केपे गाव वसवण्याचं श्रेयही त्यालाच देतात. रचनेत पोर्तुगीज आणि हिंदू, दोन्ही वळणं आहेत. ती कुठे कुठे एकमेकांत मिसळलीत ते सावकाश बघा. काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं कुठे दिसतात का, हे मुलांना शोधायला लावा. मात्र जुन्या खुर्च्या-टेबलांपाशी त्यांचा हात धरून ठेवा.

कपडे सुती; चर्चमध्ये डोकावायचं तर खांदे झाकलेले. सुटे पैसे, पावसाळ्यात छत्री. फोटो विचारून काढा.

मुंबईहून येणाऱ्यांनी मडगावला उतरावं. तिथून केप्याला कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी सेवेची, बस मिळते. स्वतःची गाडी असेल तर त्याच दिवशी चांदर गावचं मिनेझिस ब्रागांझा हे जुनं घरही धरा, पण सकाळी. केप्याच्या वाड्यातलं जेवण एकामागून एक पदार्थांनी लांबत जातं, तेव्हा दुपारनंतरचा कुठलाच बेत ठेवू नका आणि परतीची गाडी रात्रीचीच काढा.